जाड शिवण आणि वॉकिंग फूट यंत्राची निवड

स्वयंरोजगारासाठी कर्ज मागावयास येणाऱ्या भगिनी व सुशिक्षित बेरोजगार तरुण यांच्या हातातील कोटेशनावर 'हेवी ड्यूटी पोर्टेबल मशीन' हे शब्द हल्ली वारंवार दिसतात. शाळेची दप्तरे, रेक्झिनच्या बॅगा, ताडपत्री, मोटारसायकलची सीट कव्हरे अशी कामे घरी करावयाची तर हेच यंत्र हवे, अशी समजूत झालेली आहे. बँकेच्या काउंटरवर बसून यंत्राची पारख होत नाही हे खरे. परंतु यंत्र चालो वा न चालो, हप्ता भरावाच लागतो. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास आवश्यक वाटतो.

आपल्या घरातील साध्या शिवणयंत्रात कापड पुढे सरकविण्याचे काम फक्त खालचे दाते करतात. वरचा फूट केवळ दाबून धरतो. पॉपलीन किंवा खण शिवताना हे चालते, कारण दोन्ही थर एकमेकांना धरून सरकतात. रेक्झिन, फोम व अस्तर असे तीन-चार थर एकत्र आले की खालचा थर पुढे जातो आणि वरचा फुटाला चिकटून मागे राहतो. मग शिवणीच्या शेवटी वरचा तुकडा बोटभर जास्त उरतो, टाके आखूड-लांब पडतात व बॅगेला पीळ बसतो.

वॉकिंग फूट यंत्रात फुटाचे दोन भाग असतात. आतला भाग कापडावर टेकून खालच्या दात्यांबरोबर मागे सरकतो. तो उचलला जाऊन पुढे येईपर्यंत बाहेरचा भाग कापड धरून ठेवतो. माणूस चालताना एक पाय टेकून दुसरा उचलतो, तसेच हे, म्हणून नाव वॉकिंग फूट. काही यंत्रांत सुईदेखील कापडात असतानाच मागे सरकते, त्याला कंपाउंड फीड म्हणतात, व तेथे थर घसरण्यास जवळजवळ वावच राहत नाही. दुकानात मात्र दोन्ही प्रकार एकाच नावाने विकले जातात. तेव्हा हँडव्हील हाताने सावकाश फिरवून सुई सरकते की नाही हे स्वतः पाहावे. साध्या यंत्राला स्क्रूने बसविण्याचा 'वॉकिंग फूट' वेगळा मिळतो. तो गोधडीला उत्तम आहे, परंतु त्याने यंत्राची ताकद वाढत नाही. आणि 'हेवी ड्यूटी' हे शब्द कोणीही खोक्यावर छापू शकतो.

पोर्टेबल याचा अर्थ हलके असा नव्हे. ओतीव धातूचे असे यंत्र वीस किलोच्या आसपास भरते. ज्यांचे घर एका खोलीचे आहे व रात्री यंत्र उचलून अंथरूण घालावे लागते, किंवा ज्यांना गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन सोफा, शेड वा होडीचे आच्छादन शिवावे लागते, त्यांनीच ते घ्यावे. अमेरिकेत शिडाच्या बोटी बाळगणाऱ्यांत ही यंत्रे विशेष प्रिय आहेत, कारण फाटलेले शीड बोटीवरच शिवता येते. शिडासाठी झिगझॅग टाका लागतो. बॅगेला लागत नाही. झिगझॅगसाठी जास्त पैसे मोजण्याचे आपणास कारण नाही. जागा कायमची असेल तर माझे स्पष्ट मत असे, की टेबलावरचे कारखानी वॉकिंग फूट यंत्रच बरे. त्याची मोटर दिवसभर चालण्यासाठी बनविलेली असते.

सुई व दोरा यांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. सुईवरील १०० हा आकडा म्हणजे तिची जाडी १ मि.मी.; ११० म्हणजे १.१ मि.मी. दोरा जाड घेतला तर सुईही जाड हवी, नाहीतर नेढ्यात घासून तो पिंजतो. चामड्यासाठी धारदार टोकाची सुई असते. तीच कॅनव्हासला वापरल्यास धागे कापले जातात. चामड्यात पडलेले भोक बुजत नाही, म्हणून टाका ३.५ ते ४.५ मि.मी. ठेवावा, फार बारीक टाक्यांनी चामडे पोस्टाच्या तिकिटासारखे ओळीने फाटते. उन्हात राहणाऱ्या वस्तूला नायलॉन नको, पॉलिएस्टर दोरा घ्यावा. काही पोर्टेबल यंत्रांना घरगुती 'एचए बाय १' सुई चालते, काहींना 'डीपी बाय १७' लागते. आपल्या गावच्या बाजारात कोणती मिळते ते आधी विचारावे, नाहीतर एका सुईसाठी शहर गाठावे लागेल.

दुकानात जाताना आपलाच माल न्यावा. दुकानदार मऊ कापडाचा तुकडा घालून सुरेख शिवून दाखवितो, त्यावरून काही कळत नाही. रेक्झिनच्या अर्ध्या मीटरच्या दोन समान पट्ट्या एकावर एक ठेवून, हाताने न ओढता शिवाव्यात; शेवटी टोके जुळली पाहिजेत. मग दोन थरांवरून पट्टा दुमडलेल्या सहा थरांवर चढून पुन्हा खाली उतरावे. चढावर टाका आखूड झाला किंवा मोटर गुणगुणत थांबली, तर ते यंत्र आपल्या कामाचे नाही. मोठे, जड हँडव्हील असलेले यंत्र कमी वेगातही ताकदीने टोचते. बाहेरून आणलेल्या यंत्राच्या पाटीवर ११० व्होल्ट नाही ना, हेही पाहावे. आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्टचा आहे.

पैशांविषयी थोडेसे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपी व चर्मकार हे दोन्ही आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते; मात्र एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंद होते. त्यामुळे घरात कोण शिवणार आहे ते ठरवूनच नाव द्यावे. कोटेशन घेताना 'शिलाई मशीन, १ नग' एवढ्यावर सही करू नये. मॉडेल क्रमांक, मोटरचे वॅट, सुईचा प्रकार, जादा बॉबिन आणि दुरुस्ती कोण व किती दिवसांत करणार हे त्यावर लिहून घ्यावे, म्हणजे दुकानात चालवून पाहिलेलेच यंत्र घरी आले की नाही हे ताडून पाहता येते.