हलतीं चित्रें आणि शाळेंतील छळ

मधल्या सुटींत एखाद्या मुलास टोपणनांवानें हिणविणें, त्याचा डबा हिसकावणें, खेळांतून त्यास वगळणें, ह्या गोष्टी वडील माणसें पुष्कळदां पोरखेळ म्हणून सोडून देतात. परंतु थट्टा व छळ ह्यांत अंतर आहे. नॉर्वे देशांतील डॅन ओल्वेउस ह्या पंडितानें छळाचीं तीन लक्षणें सांगितलीं: तो जाणूनबुजून केलेला असतो, वारंवार केलेला असतो, आणि सोसणारास छळणाऱ्यापुढें आपलें रक्षण करितां येत नाहीं.

असें मूल सहसा बोलत नाहीं. लाज व भीति त्याचें तोंड बंद करितात. "तुला कोण त्रास देतो?" असें भर वर्गांत विचारिलें, तर सर्वांच्या माना खालीं जातात. येथें हलतीं चित्रें, म्हणजे अ‍ॅनिमेशन, उपयोगीं पडतात. चित्रांतील मूल वर्गांतलें कोणीच नसतें. म्हणून त्याच्या दुःखाविषयीं सर्वांस मोकळेपणीं बोलतां येतें.

युनिसेफनें 1990 नंतरच्या दशकांत दक्षिण आशियांतील मुलांकरितां 'मीना' ही चित्रकथामाला काढिली. ती घडविण्यांत प्रसिद्ध चित्रकार राम मोहन ह्यांचा मोठा हात होता. तिच्या एका कथेंत आंब्याचा मोठा वांटा राजूस मिळतो व लहान मीनेस. पुढें बहीणभाऊ एक दिवस आपलीं कामें बदलून घेतात, तेव्हां राजूस बहिणीचे कष्ट कळतात. उपदेश न करितां पाहणारास दुसऱ्याच्या जागीं उभें करणें, हेंच अशा कथेचें बळ होय.

वर्धा जिल्ह्यांतील आष्टीसारख्या गांवीं व भोंवतालच्या खेड्यांतील शाळांतही मुलांना अशी कथा स्वतः करितां येईल. पुठ्ठ्याच्या आकृति व शिक्षकाचा मोबाइल पुरे. आकृति किंचित् सरकवावी, चित्र घ्यावें. पुन्हां सरकवावी, पुन्हां घ्यावें. सेकंदास 6 चित्रें धरिलीं तर अर्ध्या मिनिटास 180 लागतात. दादासाहेब फाळके ह्यांनीं 1915 च्या सुमारास अशाच रीतीनें आगकाड्या हालवून 'आगकाड्यांची मौज' हा चित्रपट केला होता.

शिक्षकांस आम्ही पुढील क्रम सुचवितों:

1. छळाचा प्रसंग येतांच चित्र थांबवावें व "आतां ह्या मुलास काय वाटत असेल?" असें विचारावें.

2. मग भोंवतीं उभ्या असलेल्यांकडे लक्ष वेधावें. छळणाऱ्यास त्यांच्या हंशानें जोर चढतो. त्यांतील एकानेंही त्या मुलाचा हात धरून त्यास बाजूस नेलें, तर काय होईल?

3. शेवट मुलांकडून निरनिराळे करवावे: उलट मारणें, गप्प राहणें, मोठ्यांस सांगणें. प्रत्येकाचा परिणाम तोलावा.

4. गांवांतील कोणाचें नांव, जात, व्यंग किंवा घडलेली हकीगत चित्रांत घेऊं नये.

वाचकहो, चित्र केवळ दार उघडतें. पाठ संपल्यावर एखादें मूल मागें घुटमळेल; त्याचें एकांतीं ऐकावें, चारचौघांत क्षमा मागविण्याची घाई करूं नये, आणि पुढें कित्येक दिवस त्याजवर लक्ष ठेवावें. मोठें संकट दिसल्यास 1098 ह्या क्रमांकावर मुलांकरितां मोफत मदत मिळते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमानें शाळेंत मुलांस मारणें व त्यांचा मानसिक छळ करणें मना आहे. जो शिक्षक स्वतःच मुलांस नांवें ठेवितो, त्याच्या चित्रावर कोणतें मूल विश्वास ठेवील?