खुंटीला गोंद नको

चि. बाळ,


आजीच्या तंबोऱ्याच्या खुंट्या घसरतात म्हणून तू त्यांत झटपट चिकटणारा गोंद सोडणार आहेस, असं वहिनीने फोनवर सांगितलं आणि जिवाला घोर लागला. सोडलास का? अगं, खुंटी म्हणजे खिळा नव्हे. तिने तार धरून ठेवायची आणि हाताने पिळली की वळायचंही. आधी एवढंच बघ, चारही सैल झाल्यात की एकच? एकच बारा महिने घसरत असेल तर तिचं भोक झिजलंय. चारही एकाच आठवड्यात सुटल्या असतील, आणि वहिनी तसंच म्हणते, तर दोष हवेचा. गडचिरोलीच्या मे महिन्यात दिवसभर कोरडी धग, रात्री कूलरचा ओला झोत. लाकूड आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून दांडीतलं गोल भोक किंचित लंबगोल होतं आणि निमुळती खुंटी त्याला सगळीकडून टेकत नाही. तुमच्या आलापल्लीच्या सागाला मान आहे तो हवेपाण्याने फारसा हलत नाही म्हणून. तंबोऱ्याची दांडी तून लाकडाची, ती हलणारच. आषाढात याच खुंट्या फुगून हलता हलणार नाहीत. तेव्हा त्या गोंदाचं काय करशील?

पियानोवाले गोंद वापरतात, असं तू म्हणशील. वापरतात, आणि तिथे तो उपयोगीही पडतो. जुन्या पियानोत सव्वादोनशेच्या आसपास पोलादी खुंट्या लाकडी पाटात ठोकलेल्या असतात. पाट कोरडा पडून त्यांची पकड गेली की मुळाशी पातळ गोंद झिरपवतात. पण तिथे लाकडात पोलाद आहे, ते लांब दांड्याच्या किल्लीने फिरतं, तेही वर्षातून एक-दोनदा. आपल्याकडे लाकडात लाकूड, आणि फिरवायचं रोज, बोटांनी. दोन्ही एकजीव झाली तर पुढच्या पिळाला दांडीच चिरेल, आणि ती दांडी मिरजेच्या कारागिराने हाताने घडवलेली आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातकामासाठी. तार उतरव, खुंटी काढून कोरड्या फडक्याने पूस, खडू चोळ आणि फिरवत फिरवत आत दाब. तेलाचा थेंबही नको. तंबोरा कूलरच्या झोतातून हलव. भोक खरंच झिजलं असेल तर कारागीर जाड खुंटी घासून बसवून देईल.

फार बोलले. तुझ्या वयात मलाही सूर लावण्यात जाणारा वेळ वाया गेल्यासारखा वाटे. त्या घाईची रुखरुख अजून आहे, म्हणून हा एवढा जाच. उन्हाची बाहेर पडू नकोस, रियाज पहाटेच कर. आणि गोंद सोडला नसशील तर एका ओळीने कळव. सोडला असशील तरी कळव, मी रागावणार नाही. सुट्टी काढ, तंबोरा गोधडीत गुंडाळून आपण दोघी मिरजेला जाऊ.

तुझी,
आत्या