आधी वजन मांडा, मग मोटर घ्या

घरी ड्रोन बनवायचा म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पोरांच्या हातात बहुतेक वेळा एखादा भाग आधीच असतो. कुणाला सेलमध्ये चार मोटर मिळालेल्या असतात, कुणी कार्बन फायबरची फ्रेम मागवलेली असते. "काका, याच्यावर कोणती बॅटरी चालेल?" हा पुढचा प्रश्न. तिथंच मी त्यांना थांबवतो. ड्रोनचे भाग सुटे विकत मिळतात, पण सुटे निवडता येत नाहीत. वजन, प्रॉप म्हणजे पंखा, मोटर, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी, बॅटरी यातलं एक बदललं की बाकी सगळ्यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

मला हे पक्कं पटलं ते एका बॅटरीमुळे. ४५० मिलिमीटर फ्रेमचा, सगळा मिळून सुमारे १.४ किलोचा क्वाड, म्हणजे चार मोटरचा ड्रोन, सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानावर उडत होता. बॅटरी नवी, तीन सेलची, ५२०० एमएएच, लेबलवर ६०सी, म्हणजे क्षमतेच्या साठ पट करंट देण्याचा दावा. वारा सुटला, जागेवर राहण्यासाठी थ्रॉटल वाढला आणि ड्रोन वर चढायच्या ऐवजी खाली यायला लागला. ड्रोनचे पाय मोडले, इजा कुणाला झाली नाही. लॉग उघडल्यावर कारण दिसलं. जास्त करंट मागताच दर सेलचा व्होल्टेज तीनच्या खाली घसरला होता. लेबल खरं मानलं तर ५.२ गुणिले ६०, म्हणजे त्या बॅटरीनं ३१२ अँपिअर द्यायला हवे होते. तिला लावलेला एक्सटी-६० कनेक्टर साधारण ६० अँपिअर झेपवतो. हा एवढा गुणाकार दुकानातच केला, तर लेबलवर किती विसंबायचं ते कळतं.

म्हणून माझा आग्रह निवडीच्या क्रमाचा आहे. पहिल्यांदा काम ठरवा: शेत वरून बघायचंय, कसरती करायच्यात की नुसतं शिकायचंय? मग कागदावर प्रत्येक भागाचं वजन लिहा. वायर, स्क्रू, झिप टाय, कॅमेरा, सगळं धरा. वायर आणि पट्ट्यांचं वजन हमखास विसरलं जातं.

एकूण वजनाच्या किमान दुप्पट जोर चारही मोटरनी मिळून द्यायला हवा. १.४ किलोसाठी एका मोटरकडून ७०० ग्रॅम. असं असेल तर ड्रोन निम्म्याच्या आसपास थ्रॉटलवर तरंगतो आणि वाऱ्याशी झगडायला ताकद उरते. हा आकडा मोटरच्या थ्रस्ट टेबलमध्ये बघावा, तोही नेमक्या तुमच्याच प्रॉपचा आणि तुमच्याच व्होल्टेजचा. ज्या मोटरचं टेबल विक्रेता देत नाही, ती मोटर घेऊ नये.

जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद, असा समज सर्रास आढळतो. केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, एवढंच. ९२० केव्हीच्या २२१२ मोटरवर तीन सेल आणि १० इंची प्रॉप ही जुळलेली जोडी आहे. तोच प्रॉप १४०० केव्हीच्या मोटरवर चढवला तर ती गरम होऊन वाइंडिंग जळू शकतं. शांतपणे जास्त वेळ उडायचं असेल तर मोठा, सावकाश फिरणारा प्रॉप आणि कमी केव्ही. चपळाई हवी असेल तर पाच इंची प्रॉप आणि वेगवान मोटर.

ईएससी निवडताना कंजुषी नको. पूर्ण थ्रॉटलला मोटर १५ अँपिअर ओढत असेल, तर ईएससी २० किंवा ३० चा असावा.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. तरंगताना १८ अँपिअर लागत असतील, तर ५२०० एमएएचपैकी ८० टक्के वापरून साधारण १४ मिनिटं मिळतात. उरलेले २० टक्के उतरण्यासाठी. दुप्पट मोठी बॅटरी दुप्पट वेळ देत नाही, कारण तिचं वजनही तिलाच उचलावं लागतं. क्षमता तीच आणि वजन मात्र इतरांपेक्षा बरंच कमी असेल, तर त्या पॅकवर संशय घ्या. सेलचा अंतर्गत रोध दाखवणारा बॅलन्स चार्जर बॅटरीच्या आधी घ्या. पॅक पडून राहणार असेल तर दर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करू नका.

फ्लाइट कंट्रोलर शेवटी निवडला तरी चालतो. स्वतःहून ठरल्या वाटेनं जायचं असेल तर अर्डूपायलट हे सॉफ्टवेअर चालवणारा, हातानं कसरती करायच्या असतील तर बीटाफ्लाइट चालवणारा. होकायंत्र असलेला जीपीएस बॅटरीच्या तारांपासून दूर, उंच दांड्यावर बसवा. त्या तारांतल्या करंटच्या चुंबकीय क्षेत्रानं दिशा चुकते.

वजनाला कायद्याचीही बाजू आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंतचा ड्रोन 'मायक्रो' गटात येतो. त्याच्या बिगर-व्यावसायिक वापराला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. ग्रीन झोनमध्ये १२० मीटरपर्यंत उडवता येतं, पण आधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघावा आणि नोंदणीचा नियम पाळावा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. त्यामुळे घरी बांधणाऱ्याची वाट खुली आहे.

पैसे कमी असतील तर कॅमेरा पुढच्या वर्षी घ्या. चार्जर, जादा प्रॉप आणि पहिल्यांदा बॅटरी जोडताना शॉर्टपासून वाचवणारा स्मोक स्टॉपर मात्र आत्ताच घ्या. टेबलावर मोटर फिरवून बघताना प्रॉप काढलेलेच असू द्या. आणि पहिलं उड्डाण माणसं, गुरं आणि वीजतारा नसलेल्या जागीच करा. हिशेब कितीही नीट मांडला असला, तरी तो बरोबर आहे हे पहिल्या उड्डाणानंतरच ठरतं.