भट्टीवरची धुरी

विटे, जि. सांगली

चि. सुहास,

काल तुझ्या आईचा फोन आला. पाऊसपाण्याचं बोलून झालं आणि मग हळूच म्हणाली, "वन्सं, पोरगं दुधाच्या नादाला लागलंय. सियालदहच्या खोलीत चीज करतंय, आणि आपल्या सोनं गाळायच्या गलाईच्या भट्टीवरच त्याला धुरी देतंय." आमच्या यांना, म्हणजे तुझ्या मामांना, मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यांचा खोकला तुला ठाऊक आहे आणि तो कशाने लागला तेही.

चीज कर, माझं काही म्हणणं नाही. पण भट्टीवर? केडीएमच्या जुन्या दागिन्यांच्या सांध्यांत कॅडमियम असतं. सोनं पातळ व्हायच्या आतच ते धूर होऊन उडतं आणि भिंतीवर, छपरावर, चिमट्यावर बसतं. त्यात शोऱ्याच्या ॲसिडचा तांबडा धूर. त्या जागी तू खायची वस्तू टांगणार? गलाईवाल्याच्या घरात वाढलेल्या पोराला हे मी सांगायचं म्हणजे कमाल झाली!

धुरीच द्यायची तर गच्चीवर पत्र्याचा डबा मांड, तळाशी साध्या लाकडाचे छिलके घाल. रंग दिलेलं किंवा प्लायवूडचं लाकूड नको. बंडेल चीज धुरी दिलेलं आणि साधं असं दोन्ही मिळतं, हे तू न्यू मार्केटात पाहिलंच असशील. जे. जॉन्सन आणि एस. मल्लिक यांच्याकडे त्या चपट्या खारट टिकल्या असतात. दोन्ही आण आणि रात्रभर पाण्यात भिजव, नाहीतर मिठाने तोंड वाकडं होईल. मग सकाळी शेजारी शेजारी ठेवून खा. पोर्तुगीजांनी हुगळीकाठी रुजवलेलं हे चीज. दूध आंबटाने फाडायचं, छोट्या भोकाच्या भांड्यात निथळायचं, मीठ लावायचं. नवशिक्याला यापेक्षा सोपी शाळा नाही. कलकत्त्याच्या दमट हवेत चेडरच्या मागे लागू नकोस. मुरायला दहा-तेरा अंशांची थंडी लागते, ती काय तुझ्या खोलीत आहे?

आणि सामान. तुझी आई म्हणाली, कॅल्शियम क्लोराइड आणि सायट्रिक ॲसिड तू त्याच दुकानातून आणलंस, जिथून आपले ॲसिडचे कॅन येतात. ते आधी फेकून दे. पुडीवर खाद्य दर्जाचं असं छापलेलं नसेल तर ती दुधात जाता कामा नये. फाडायला कोले मार्केटातली साधी लिंबं पुरतात. गंधराज नको, रस कमी आणि वास इतका की चीजची चव मरते. पुढे रेनेटने दूध धरवायचं झालं, तर रेनेट सूक्ष्मजीवांपासून केलेलं घे, म्हणजे शाकाहारी गिऱ्हाईकही खाईल. ते फ्रिजमध्ये ठेव आणि उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळव, कारण नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्याचा जोर मारतो. दूध बत्तीस-पस्तीस अंशांवर. सुरी घातली की चीर स्वच्छ उघडली पाहिजे, चिखल झाला तर थांब. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध चालेल, पण महिनोन्महिने टिकणाऱ्या डब्यातल्या दुधाचा दही-गोळा नीट धरत नाही. फार तापवलेलं असतं ते. गवळ्याकडचं कच्चं दूध घेऊन ताजं चीज विकायचं धाडस करू नकोस, माल्टा तापाची माणसं मी पाहिली आहेत. कलकत्त्याहून इथे परत आल्यावर मी दूध संघात फॅट काढायला बसायचे, तिथे हे सगळं शिकले.

आणि भांडी. गलाईच्या खोलीतलं एकही पातेलं, एकही मापाचा जग दुधाला लावायचा नाही. धुतलं म्हणून चालणार नाही. पुन्हा सांगते, एकही नाही.

रागावले का मी? रागावलेच. पण आता खरं सांगते. आम्ही बऊबाजारात होतो तेव्हा छानापट्टीत, फाडलेल्या दुधाच्या त्या छानाच्या बाजारात, टोपल्या उतरताना मी उभी राहायचे. पहाटेच्या लोकलने येणाऱ्या टोपल्या, त्यावर ओलं फडकं, खाली टपटपणारं पाणी. शेजारची काकीमा सांगायची की १९६५ साली सरकारने दूध वाचवायला छानाच्या मिठायांवरच बंदी घातली होती, तेव्हा साऱ्या गल्लीचं तोंड उतरलं होतं. ती मला छाना मळायला बोलवायची. तळहाताच्या टाचेने मळायचा, तूप सुटेपर्यंत. मला ते शिकून दुकान काढायचं होतं. घरात म्हणाले, सोन्याच्या धंद्यातली बाई दूध विकणार का? मी गप्प बसले. पुढे मामांचा खोकला वाढला, तेव्हा त्यांना दुसरा काही धंदा सुचवायला माझ्याकडे काही नव्हतं. एवढंच सलतं.

२०१९ साली मेट्रोचा बोगदा खणताना बऊबाजारातली घरं खचली आणि तुम्ही सियालदहच्या त्या एका खोलीत आलात. तेव्हापासून भट्टी, झोप, स्वयंपाक सगळं एकत्र, हे मला कळतं. म्हणून तर एवढं लिहिते. तुझ्या मनात भट्टी सोडायचं आहे का रे? असेल तर चोरून नको. तुझ्या बापाशी मी बोलेन. तो माझ्यापुढे ओरडत नाही.

तुझ्या आईच्या खात्यावर थोडे पैसे टाकले आहेत. त्यात जिन्याखाली किंवा शेजाऱ्यांकडे मावेल असा जुना छोटा फ्रिज बघ, भट्टीच्या खोलीबाहेर ठेव. उरतील त्यात मलमल घे, चार-पाच वेळा उकळून. मीठ आयोडीन नसलेलं. दहा लिटर दुधाचं मुरणारं चीज फार तर किलोभर उतरतं, तेव्हा सुरुवातीला थोडंच कर, पैसे फेकू नकोस.

दिवाळीला येशील तेव्हा दोन टिकल्या आण, साधी एक आणि गच्चीवरच्या डब्यातली एक. मामांना मी देईन. खारट म्हणून कुरकुरतील, पण खातील.

आणि खिडकी उघडी ठेवून झोपत जा, कितीही डास असोत. मच्छरदाणीचे पैसे वेगळे पाठवते.

तुझी आत्या