आधी ‘दुसऱ्या’ लिहून बघ

चि. सोनूस,

असईच्या लढाईवर खेळ करायचा, वर चित्र, खाली संवाद आणि मध्येमध्ये वाचणाऱ्याने निवडायची वाट, हा तुझा बेत ताईकडून कळला. आपल्या भोकरदनकडची गोष्ट घेतलीस, फार बरं वाटलं. आता युनिटी, गोडो की रेन्पाय, यांतलं कुठलं गेम इंजिन घ्यायचं यावर तुम्हा मैत्रिणींत वाद चाललाय म्हणे.

माझं मत सांगून टाकतो. रेन्पाय घे. पण ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ त्यात झाला म्हणून घेऊ नकोस. तो खेळ चालला तो लिहिणाऱ्याच्या डोक्यामुळे. तुझी अडचण निराळी आहे: तुला मराठी लिहायचंय. म्हणून कुठल्याही इंजिनात पहिल्यांदा एक ओळ टाकून बघ, ‘दुसऱ्या स्त्रीने कृष्णाला विचारलं’. अर्थ नसला तरी चालेल. ‘ऱ्या’ फुटला, ‘स्त्री’चे तुकडे झाले किंवा ‘वि’ची वेलांटी ‘व’च्या पलीकडे जाऊन बसली, तर पुढचं काही बघूच नकोस.

रेन्पायच्या जुन्या आवृत्त्यांतही हेच रडगाणं होतं. 2023 च्या 8.1 पासून जोडाक्षरं नीट जुळतात, तेव्हा कुणाच्या पेनड्राइव्हवरची जुनी आवृत्ती घेऊ नकोस. एवढं करूनही सुरुवातीला चौकोनच दिसतील, कारण त्याच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ फुकट मिळतो. त्याची फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाक आणि जीयूआयच्या फाइलमध्ये तिचं नाव दे.

गोडो 4 देवनागरी चांगली दाखवतं, पण संवादाची चौकट, सेव्ह, मागच्या वाक्यावर परत जाणं हे सगळं तिथे स्वतः उभं करावं लागतं, नाहीतर डायलॉजिकसारखी जोड घ्यावी लागते. रेन्पायमध्ये ते आयतं मिळतं. युनिटीत मराठीसाठी वेगळी खटपट आहेच, शिवाय सप्टेंबर 2023 मध्ये त्यांनी गेम किती वेळा इन्स्टॉल होतो त्यावर शुल्क जाहीर केलं आणि वर्षभराने मागे घेतलं. तुझ्या खेळावर ते लागलं नसतं, पण असा मालक कशाला? टॉम रॉथॅमेलने 2004 मध्ये आणलेलं रेन्पाय आजही मोफत आहे आणि खेळ विकलास तरी त्यांना काही द्यावं लागत नाही.

खरी मेहनत गोष्टीवर पडणार आहे. 23 सप्टेंबर 1803. इंग्रज सेनापती वेलस्लीला वाटाडे सांगतात, इथे केळना नदीला उतार नाही. त्याला मात्र समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसतात, आणि मध्ये उतार असणारच असं तो ताडतो. तुझा नायक तोफखान्यातला शिपाई आहे असं ऐकलं. मला विचारशील तर वाटाड्या कर. त्याला उतार ठाऊक होता का? असून खोटं बोलला का? इथेच पहिला पर्याय दे. तो काहीही बोलला तरी फौज नदी ओलांडणारच, म्हणून दोन्ही वाटा पाण्यापाशी परत एक होतात. तो काय बोलला होता तेवढं एका चलात साठव आणि संध्याकाळी छावणीत त्याला त्याचा जाब द्यायला लाव. असं वाटा जुळवत गेली नाहीस तर दोन-दोन वाटांच्या तीनच निवडींतून आठ शेवट होतात, आणि प्रत्येकाला चित्रं तुलाच काढायची आहेत. हा आराखडा कागदावर किंवा ट्वाइनमध्ये कर. ट्वाइन ब्राउझरमध्ये चालतं, तिथे मराठीचा त्रास नाही.

आपल्याकडे वाचणारे मोबाइलवरच वाचणार, म्हणून अक्षर मोठं ठेव आणि एका चौकटीत दोन ओळींपेक्षा जास्त घालू नकोस. अँड्रॉइडचं पॅकेज बांधायला बरंच काही डाउनलोड करावं लागतं. ते दिवाळीत मी आलो की करू. तोवर ब्राउझरची आवृत्ती काढून मैत्रिणींना लिंक पाठव, आणि मलाही.

तुझा,
मामा