चाकाचा आकार, वेगदर्शक आणि द्राक्षबागेतील फवारणी

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड इत्यादी तालुक्यांत गोडी छाटणी झाली की द्राक्षबागांतून ट्रॅक्टरचलित फवारणी यंत्रांची ये-जा सुरू होते. औषध कोणते वापरावे व किती घ्यावे, याविषयी बागायतदार पुष्कळ काळजी घेतात. परंतु ट्रॅक्टर ओळींमधून किती वेगाने चालतो, याकडे तितकेसे लक्ष दिले जात नाही. विशेषतः ट्रॅक्टरचे मागील टायर बदलताना निराळ्या मापाचे बसविले गेले, तर पूर्वीचा वेगाचा सर्व अंदाज चुकतो आणि त्याचा परिणाम थेट पिकावर होतो. हे कसे घडते, ते येथे पाहू.

वेगदर्शक काय मोजतो?

मोटारगाडीतील वेगदर्शक रस्त्यावरील अंतर प्रत्यक्ष मोजीत नाही. तो चाकाचे अथवा चाकाला गती देणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो, व एका फेऱ्यात गाडी ठराविक अंतर कापते असे गृहीत धरून वेग दाखवितो. हे अंतर चाकाच्या परिघावर अवलंबून असते. चाक मोठे झाले की तितक्याच फेऱ्यांत गाडी अधिक अंतर कापते. वेगदर्शकाला मात्र त्याचा पत्ता नसतो.

एक उदाहरण घेऊ. टायरवर १५५/८० आर १३ असे माप असेल, तर टायरची रुंदी १५५ मि.मी., बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १२४ मि.मी. आणि आतील धावेचा व्यास १३ इंच, म्हणजे सुमारे ३३० मि.मी. असतो. धावेच्या व्यासात दोन्ही बाजूंची उंची मिळविली असता चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ५७८ मि.मी. येतो. याच हिशोबाने १६५/८० आर १४ या टायरचा व्यास सुमारे ६२० मि.मी. भरतो. दोहोंत सुमारे ७ टक्के फरक आहे. पहिल्याच्या जागी दुसरा टायर बसविल्यास काटा ताशी ६० कि.मी. दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी ६४ कि.मी. वेगाने धावते. अंतरमापकावर १०० कि.मी. दिसतात तेव्हा गाडी १०७ कि.मी. गेलेली असते, त्यामुळे इंधनाचा हिशोबही चुकतो. टायर झिजल्यास उलट घडते. मात्र तो फरक बहुधा दोन टक्क्यांच्या आसपास असतो.

ट्रॅक्टरची गोष्ट

ट्रॅक्टरवरील मापक बहुधा इंजिनाचे मिनिटागणिक फेरे व कामाचे तास दाखवितो. कोणत्या गिअरमध्ये किती वेग मिळतो, याचे कोष्टक माहितीपुस्तिकेत दिलेले असते. पण ते मूळ मापाच्या टायरसाठी असते.

फवारणी यंत्राचा पंप ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. दांड्यावर चालतो. त्याचे फेरे इंजिनावर अवलंबून असतात, चाकावर नव्हे. म्हणून टायर बदलल्यावर तोट्यांतून मिनिटाला बाहेर पडणारे द्रावण तेवढेच राहते. पण ट्रॅक्टर मात्र अधिक किंवा कमी वेगाने पुढे सरकतो. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

हिशोब

दर हेक्टरी पडणारे द्रावण काढण्यासाठी मिनिटाला बाहेर पडणाऱ्या लिटरना ६०० ने गुणावे व त्या गुणाकारास ताशी वेग (कि.मी.) आणि ओळींतील अंतर (मीटर) यांच्या गुणाकाराने भागावे.

समजा, सर्व तोट्यांतून मिनिटाला २५ लिटर द्रावण पडते, वेग ताशी ५ कि.मी. आहे व ओळींतील अंतर ३ मीटर आहे. तर हेक्टरी १,००० लिटर द्रावण पडेल. आता चाकाच्या एका फेऱ्यात पूर्वी २.८० मीटर अंतर कापले जात असे, ते नव्या टायरमुळे ३.०८ मीटर झाले. इंजिनाचे फेरे व गिअर तेच. पण वेग ताशी ५.५ कि.मी. झाला आणि हेक्टरी सुमारे ९०९ लिटरच द्रावण पडले. लहान टायरमुळे वेग ४.५ कि.मी. झाला, तर हेच प्रमाण १,१११ लिटरवर जाईल.

द्रावण कमी पडल्यास घडाच्या आतील भागापर्यंत औषध पोहोचत नाही व केवडा, भुरी यांना वाव मिळतो. जास्त पडल्यास खर्च वाढतो आणि फळावर औषधाचा अंश राहण्याचा धोका संभवतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडकून पडली होती. त्या घटनेचा टायरशी संबंध नव्हता. तथापि अंशाची मर्यादा किती काटेकोरपणे पाळावी लागते, हे तिने दाखवून दिले.

बागेत घ्यावयाची चाचणी

१. टाकी निम्मी पाण्याने भरावी व टायरमधील हवा योग्य दाबाची असल्याची खात्री करावी.

२. चाचणी डांबरी रस्त्यावर न घेता बागेतच घ्यावी. ओल्या काळ्या जमिनीत चाक घसरते व खरा वेग कमी भरतो.

३. ओळीत ५० मीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात. फवारणीच्या वेळचा गिअर व इंजिनाचे फेरे ठेवून, ट्रॅक्टर पहिल्या खुणेच्या थोडा आधीपासून चालवावा.

४. दोन खुणांमधील अंतरास लागलेले सेकंद मोजून १८० ला त्या संख्येने भागावे. येणारा आकडा ताशी वेग होय. ३६ सेकंद लागल्यास वेग ५ कि.मी., ४० सेकंद लागल्यास ४.५ कि.मी.

५. प्रत्येक तोटीखाली भांडे धरून मिनिटाला पडणारे पाणी मोजावे व वरील हिशोब करावा.

फरक आढळल्यास केवळ इंजिनाचे फेरे कमी करून वेग जुळवू नये. त्यामुळे पंप व पंखा या दोहोंचा जोर कमी होतो. जवळचा दुसरा गिअर किंवा योग्य मापाच्या तोट्या वापराव्यात. दाब वाढविण्यास मर्यादा आहे, कारण १० टक्के अधिक द्रावण मिळविण्यासाठी दाब २१ टक्के वाढवावा लागतो व थेंब अधिक बारीक होऊन वाऱ्याने उडतात.

चारही चाकांना गती असलेल्या ट्रॅक्टरचे केवळ मागील टायर निराळ्या मापाचे बसवू नयेत. पुढील व मागील चाकांचे प्रमाण बिघडून दंतचक्रांवर ताण येतो.

टायर बदलल्यावर पहिल्या फवारणीपूर्वी ही चाचणी अवश्य करावी. तिला ५० मीटरची दोरी, घड्याळ व एक मापाचे भांडे एवढेच साहित्य लागते. आणि वर्षभराच्या श्रमाचे फळ त्या अर्ध्या तासाच्या कामाने अधिक सुरक्षित होते.