संत्र्याची तोडणी व बांधणी : बागेपासून रावपुऱ्यापर्यंत

बडोद्याच्या रावपुरा या जुन्या वस्तीत गायकवाडी काळापासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत. तेथील गिऱ्हाईक नागपुरी संत्र्याची पारख वासावरून व सालीवरून करते. वरुड, मोर्शी, काटोल किंवा नरखेडच्या बागेतील फळ तेथवर पोचेपर्यंत ट्रकचा लांबचा प्रवास व निदान दोन-तीन वेळा चढउतार झालेली असते. पेटी उघडताच तळाची फळे हिरव्या भुकटीने माखलेली निघाली, तर दोष ट्रकवाल्यास दिला जातो. वास्तविक तो बहुधा तोडणीच्या दिवशीच घडलेला असतो.

हिरवी व निळी कूज आणणाऱ्या पेनिसिलियम वर्गातील बुरशा धड सालीतून आत शिरू शकत नाहीत. त्यांना जखम लागते. संत्रे ओढून तोडल्यास देठाजवळची साल फाटून भोक पडते. ही जखम लहान असली तरी बीजाणूस पुरेशी होते. म्हणून फळ कात्रीने, देठ अगदी आखूड ठेवून कापावे. देठ लांब राहिल्यास तो शेजारच्या फळात टाचणीसारखा रुततो.

तोडणीची वेळही महत्त्वाची आहे. पहाटे दव असताना फळ पाण्याने तट्ट फुगलेले असते. अशा वेळी बोटाच्या साध्या दाबानेही सालीतील तेलग्रंथी फुटतात व त्यांतील तेल भोवतालच्या पेशी जाळते. हे डाग त्या दिवशी दिसत नाहीत, बाजारात गेल्यावर तपकिरी होऊन उमटतात. दव सुकल्यावरच तोडणी सुरू करावी. पाऊस पडून गेला असल्यास एखादा दिवस थांबलेले बरे. मजुरांची नखे कापलेली असावीत, ही सूचना क्षुल्लक वाटते, परंतु तिच्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

तोडल्यानंतर संत्र्याची गोडी वाढत नाही. आंबा किंवा केळे आढीत पिकते, संत्रे पिकत नाही. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबरच्या सुमारास रसाने तयार होतात, पण रात्री पुरेशा थंड नसल्याने साल हिरवटच राहते. अशा पक्व फळांना रंग आणण्यासाठी बंद खोलीत 27 ते 29 अंश सेल्सियस तापमान व 90 ते 95 टक्के आर्द्रता राखून हवेच्या दहा लक्ष भागांत 5 ते 10 भाग इथिलीन वायू देतात आणि खोलीतील हवा वेळोवेळी बदलतात. कच्च्या फळाला मात्र या उपायाने केवळ पिवळे सोंग मिळते. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे.

यानंतर डागी फळे बाजूला काढावीत. फळे स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी करावीत व आकारमानाप्रमाणे प्रतवारी करावी. धुण्याने सालीवरचे नैसर्गिक मेण काही अंशी निघून जाते. ते भरून काढण्यासाठी खाद्य मेणाचा पातळ थर देतात, त्यामुळे फळ लवकर सुकत नाही. थर जाड झाल्यास फळाचा श्वास कोंडतो आणि रसाला आंबूस वास येतो.

पूर्वी लाकडी पेटीत भाताचे तणस घालून संत्री भरीत. पेटी मजबूत असे, परंतु खिळे व खरबरीत फळ्या साल खरचटीत आणि ओलसर तणस स्वतःच बुरशीचे घर होई. दूरच्या बाजारासाठी हवेची भोके असलेली पन्हळी पुठ्ठ्याची पेटी अधिक चांगली. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. मोसंबीला सोसणारा दाब त्याला सोसत नाही. पेटी काठाच्या वर फुगवून भरली की वरच्या पेट्यांचा भार पुठ्ठ्याऐवजी फळांवर येतो. उलट फार सैल भरल्यास फळे वाटभर एकमेकांवर आपटतात. वरच्या थरात मोठी व खाली बारीक फळे भरण्याची चाल तर बागाईतदाराच्याच मुळावर येते. एकदा फसलेला व्यापारी पुढच्या वेळी सबंध मालाचा भाव तळाच्या फळावरून ठरवितो.

साठवण करावयाची झाल्यास शीतगृहात 6 ते 7 अंश तापमान ठेवावे. त्याहून अधिक थंडीने सालीवर खड्डे व डाग पडतात. मृग बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात निघतात आणि तेव्हा गुजरातेत ऊन तापू लागलेले असते. त्यामुळे हा माल रात्रीच्या प्रवासाने पाठवून पहाटे उतरवून घ्यावा व लगेच सावलीत, पेट्यांच्या रांगांत हवेला वाट ठेवून लावावा.